मॅन्डोलिनच्या तबलीवर पावसाळ्यात साय धरते आहे, थांबू की काही उपाय आहे?

रंधा_व्हर्नियर (पिंपरी), १४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावतो. चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि "मशीन बंद पडलंय, या" एवढंच सांगणाऱ्या माणसाचा मला कायम राग येत आला. म्हणून सगळं सांगतो.

निवृत्तीनंतर मॅन्डोलिन करायचं खूळ डोक्यात घेतलं. सोसायटीतले लोक "काका, बेंजो कुठवर आला?" असं विचारतात. वरातीतला बेंजो वेगळा, त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, हे समजावणं आता सोडून दिलंय. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत मुळात मॅन्डोलिन वाजवायचे एवढं सांगितलं की मात्र जरा आदराने बघतात.

पहिलं मॅन्डोलिन दोन वर्षांपूर्वी केलं. तारा चढवल्यावर आठव्या दिवशी मान धनुष्यासारखी वाकली. आठ तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, आणि मी मानेत सळई घातलेली नव्हती. ते आता भिंतीवर टांगलंय, पाहुण्यांना आवडतं. हे दुसरं. साधा ए घाट, उभ्या कापलेल्या पेअरसारखा. वेटोळंवाला एफ घाट आपल्या आवाक्यातला नाही.

तबली (वाद्याची पुढची फळी, सतारवाले म्हणतात तेच मी म्हणतो) स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. भोसरीत एका कारखान्यात जर्मनीहून मशीन आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या भंगारात गेल्या होत्या. खोक्यावर डीई आणि एचटी असा शिक्का, म्हणजे जर्मनीत कीड मारायला तापवून घेतलेलं लाकूड. चाळीसेक फळ्या उलट्यासुलट्या केल्या तेव्हा टोकाला वाढीच्या रेषा सरळ उभ्या असलेल्या दोनच निघाल्या. इंचाला चौदा रेषा, गाठ एकही नाही. भंगारवाल्याने दोन्हींचे मिळून साठ रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

पाठ, कडा आणि मान तुनीच्या लाकडाची, पडद्यांची पट्टी शिसवीची. पडद्यांची मापं हे मला सगळ्यात सोपं गेलं: तारेची लांबी ३५२.४ मिमी, तिला १७.८१७ ने भागलं की पहिला पडदा १९.७८ वर, मग उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. व्हर्नियर (बारीक मोजमापाची सरकपट्टी) हातात असला की मला कुणाची भीती नाही. तबली कोरायला ड्रिल मशीनला स्टॉपर लावून सगळीकडे ठरल्या खोलीची भोकं पाडली आणि गोल पटाशीने भोकांच्या तळापर्यंत उतरत गेलो. मध्ये ४.८ मिमी, कडेजवळ ३. डायल गेजने तपासलंय, त्यात शंका नको. सांधे सगळे सरसाने. तबली एप्रिलमध्ये चिकटवली, पाठ जूनच्या शेवटच्या आठवड्यात.

आता दुखणं. पॉलिश चपडा लाखेचं. मे महिन्यात २०० ग्रॅम लाख लिटरभर स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवली. पाठीची छिद्रं चॉक पावडर आणि लाख अशी लांबी (पुट्टी) करून भरली. कापसाचा बोळा, वर जुन्या मलमलच्या धोतराचं फडकं. बोळा अडकू नये म्हणून त्यावर एखादा थेंब खोबरेल. ५ जुलैपासून रोज दोन हात. पहिले दोन दिवस काचेसारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवसापासून तबलीवर दुधावर धरते तशी साय. पाठीवर साय कमी, पण बारीक पांढरे ठिपके. आणि नऊ दिवस झाले तरी बोट दाबलं की ठसा उठतो.

खोलीतला मीटर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता दाखवतोय. भाची डिसेंबरात कॅनडात एडमंटनला परत जाणार, तिच्यासाठीच हे चाललंय. ऑक्टोबरपर्यंत हातावर हात ठेवून बसू, की काही करता येईल?

---

शटरवाला, १४ जुलै, रात्री १०.१५

काका, कसली लाख घेऊन बसलात. दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) येतं, गनने तीन कोट मारा, चौथ्या दिवशी तारा चढवा. पाऊस असो नाहीतर काही असो. मी किचन ट्रॉल्यांना तेच मारतो, सहा वर्षांत एक तक्रार नाही.

---

रंधा_व्हर्नियर, १४ जुलै, रात्री १०.३२

ट्रॉलीवर आमटी सांडते, मॅन्डोलिनवर नाही. गन चालवण्यात तुमचा हात चांगलाच असणार, पण तीन मिलीमीटरच्या तबलीवर जाड प्लॅस्टिकची कातडी चढवली तर ती हलणार कशी? शिवाय उद्या ओरखडा पडला तर लाखेवर तेवढ्यापुरता बोळा फिरवता येतो. पीयूचं तसं नाही.

---

तुंबा_आणि_तार (मिरज), १५ जुलै, सकाळी ७.०५

काका, तबली म्हणालात, बरं वाटलं बघा. मी सतारीच्या कारखान्यात अकरा वर्षं आहे. आमच्या घराण्यात नव्हतं हे, शिकायला म्हणून गेलो आणि तिथलाच झालो. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार-पॉलिश करणारे. गेल्या शतकाच्या आधीच वाद्यांकडं वळले. म्हणजे पॉलिश हा हाताचा धंदा पहिल्यापासूनचाच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते वाचलं असंल तुम्ही.

पावसात आम्ही पॉलिश बंद ठेवत नाही. ठेवून चालणारच नाही, गिऱ्हाईक थांबतंय होय. फक्त सकाळी अकराच्या आधी आणि चारच्या नंतर बोळा उचलायचा नाही. पाऊस कोसळत असंल त्या दिवशी खुंट्या कोरत बसायचं.

आता तुमचं. मला तर ही दोन वेगळी दुखणी दिसतात. तबलीवरची साय आणि पाठीवरचे ठिपके एक नव्हंत. तबलीला तुम्ही लांबी भरली नाही, स्प्रूसला छिद्रंच नसतात तशी. ठिपके आहेत ते तुमच्या चॉकचे. ओली असताना चॉकची लांबी लाकडासारखीच दिसते, वाळली की पांढरी. आम्ही त्यात पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू घालतो, लाकडापेक्षा थोडी गडदच करायची. वाळून फिकी झाली की बरोबर रंगाला येते. तुमच्या पाठीला आता स्पिरिटमध्ये तपकिरी रंग पातळ करून फडक्यानं चोळा, ठिपके पितील तेवढा. नाहीच गेलं तर खरवडून पुन्हा.

आणि खोबरेल? काका, ते डोक्याला लावा. बोळ्याला जवसाचं तेल, ते पण बोटाच्या टोकावर मावंल तेवढंच. जवस हवेत वाळून घट्ट होतं. खोबरेल वाळतच नाही, आणि थंडीत गोठतं. तुमची भाची जिथं चाललीय तिथं तर बाटलीत दगड होईल त्याचा.

---

रंधा_व्हर्नियर, १५ जुलै, सकाळी ८.२०

खोबरेल तेलाचं वाचून सौ. इतकी हसली की चहा उतू गेला. बाटली तिचीच होती. "मी तेव्हाच म्हटलं होतं" असंही म्हणाली, जे तिने म्हटलेलं नव्हतं.

पिवडी-गेरूचं पटलं. पण खोबरेलाबद्दल पुरावा मागतो, राग मानू नका. चिकटपणा तेलामुळे की लाखच वाळत नाही म्हणून, हे कसं वेगळं करायचं?

---

राळ_रसायन, १५ जुलै, दुपारी १.५०

काका, पुरावा मागितलात म्हणून लिहितेय. मी रंग आणि राळेच्या प्रयोगशाळेत काम करते, वाद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण लाख माझ्या ओळखीची आहे.

आधी चिकटपणा. काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर नुसत्या द्रावणाचा थेंब पसरा, दुसरीवर द्रावणात किंचित खोबरेल मिसळून. रात्रभर कपाटात ठेवा आणि सकाळी नख टेकवा. पहिली कडक आणि दुसरी मऊ निघाली तर तेल दोषी. पहिलीही मऊ असेल तर द्रावण शिळं झालंय. विरघळवलेली लाख महिनोन्‌महिने ठेवली की तिच्यातली आम्लं आणि अल्कोहोल यांची हळूहळू जोडी जमते आणि मग तो थर कधीच घट्ट होत नाही. मे महिन्यातलं द्रावण अजून चालायला हवं, तरी तपासा. म्हणूनच लाख कोरडी ठेवायची आणि लागेल तेवढीच भिजवायची.

आता साय. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो. तुमच्या खोलीत २६ अंशांना ८५ टक्के आर्द्रता आहे, म्हणजे दवबिंदू साधारण २३.३ अंश. तबली पावणेतीन अंशांनी जरी गार झाली तरी तिच्यावर दव धरणार. लाख पाण्यात विरघळत नाही. पाणी मिसळलं की ती कणाकणाने बाहेर पडते, ते कण प्रकाश विखुरतात आणि तुम्हाला साय दिसते. बुरशी वगैरे काही नाही.

पण मला एक शंका आहे. मिरजेचे दादा म्हणतात ते पावसातही पॉलिश करतात आणि त्यांना साय येत नाही. मग तुमच्याकडेच इतकी का? पाणी फक्त हवेतून येत नाही, बाटलीतूनही येतं. सुटं स्पिरिट घेतलंय का? तुमच्याकडे बारीक काटा असेलच. १०० मिली स्पिरिट मोजून वजन करा. शुद्ध असेल तर ७९ ग्रॅमच्या आत-बाहेर, बाजारातलं चांगलं असेल तर ८०-८१. त्याहून जड भरलं तर वरचं वजन पाण्याचं समजा.

आणि दोन गोष्टी काळजीच्या. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, ते वासाने ओळखू येत नाही आणि श्वासातून, कातडीतून शरीरात जातं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि खोली गरम करायला शेगडी, हीटर, काहीही बोळ्याच्या आसपास नको. स्पिरिटची वाफ आपल्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते.

---

रंधा_व्हर्नियर, १६ जुलै, सकाळी ९.१०

ताई, तुम्ही टूलरूममध्ये हव्या होतात.

निकाल असा. काचेवरची नुसती लाख सकाळी खणखणीत, नखाने कपची उडाली. खोबरेलवाली अजून लोण्यासारखी. मिरजकर जिंकले.

आता स्पिरिट. ५० मिलीच्या सिरिंजने दोनदा भरून १०० मिली केलं, दशांश ग्रॅमचा काटा. ८३.९. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केलं, ८४.०. सिरिंजच चुकीची असेल म्हणून तीत साधं पाणी भरून तपासलं, ९९.७. म्हणजे सिरिंज बरोबर. तक्त्यात बघितलं तर ८४ म्हणजे वजनाने जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी! दुकानातून घेतलं तेव्हा बाटली सीलबंद नव्हती, मोठ्या कॅनमधून नरसाळ्याने ओतून दिली होती. दुकानदाराने घातलं की आधीच कुणी घातलं, की माझ्याकडे झाकण नीट लागलं नव्हतं, देव जाणे. इतकं पाणी हवेतून दीड-दोन महिन्यांत ओढलं जाईल असं वाटत नाही.

मी महिनाभर पावसाला शिव्या घालतोय आणि पाणी माझ्याच बाटलीत!

---

शटरवाला, १६ जुलै, सकाळी ९.४४

पीयूमध्ये हे टेन्शनच नसतं काका :)

---

सरोवराकाठी (मिशिगन), १७ जुलै, पहाटे ४.२५

काका, सगळे पॉलिशवर बोलताहेत. माझं लक्ष तुमच्या एका वाक्यावर अडकलंय: पाठ जूनच्या शेवटच्या आठवड्यात चिकटवली, आणि वाद्य एडमंटनला जाणार.

मी मूळचा साताऱ्याचा. इथे कालामाझूपासून तासाभरावर राहतो. मॅन्डोलिनवाल्यांना हे गाव म्हणजे पंढरपूरच. ऑर्व्हिल गिब्सन इथेच राहायचा. तबली वाकवून न बसवता व्हायोलिनसारखी कोरायची, या त्याच्या कल्पनेला १८९८ मध्ये पेटंट मिळालं. १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली. पुढे लॉइड लोअर हा वाद्यरचनाकार तिथे आला आणि १९२२ मध्ये एफ-५ बाजारात आलं, गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी एफ भोकं असलेलं. तुम्ही घेतलेली ३५२.४ ही लांबी त्याच घराण्यातली. लोअर त्यातल्या निवडक वाद्यांवर तारखेनिशी सही करायचा. अमेरिकेतले नामवंत मॅन्डोलिनवादक बिल मन्रो ज्यावर पुढे आयुष्यभर वाजवत राहिले त्या वाद्यावरची तारीख ९ जुलै १९२३ आहे. तेही जुलैचंच, तेव्हा जुलैला नावं ठेवू नका. १९२४ च्या शेवटी लोअर गेला आणि कंपनीही नंतर १९८४ मध्ये गाव सोडून गेली.

पण मुद्दा हवेचा. इथे जानेवारीत बाहेर उणे दहा-पंधरा असतं आणि घरात हीटर चालू. तेव्हा घरातली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. एडमंटन याहून थंड. लाकूड हवेप्रमाणे पाणी धरतं: ८० टक्के आर्द्रतेत वजनाच्या साधारण १६ टक्के, ५० टक्क्यांत ९, आणि २५ टक्क्यांत जेमतेम ५. स्प्रूसची उभ्या रेषांची फळी पाण्याच्या दर टक्क्याला रुंदीत अंदाजे ०.१३ टक्के आकसते. तुमचं वाद्य २५० मिमी रुंद धरलं आणि पाणी १४ वरून ५ वर आलं, तर होतात तीन मिलीमीटर. कडा आडव्या आकसत नाहीत, त्यांनी तबलीला धरून ठेवलेलं असतं. मग ते तीन मिलीमीटर येणार कुठून? तडा जातो. पहिल्या हिवाळ्यात मी पुण्याहून आणलेल्या गिटारीचा आवाज रात्री दोन वाजता ऐकलाय, कुणी काठी मोडावी तसा. सकाळी बघितलं तर घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) खालपर्यंत चीर.

तबली तुम्ही एप्रिलच्या कोरड्या हवेत चिकटवलीत, ती बहुतेक वाचेल. पाठ जूनच्या पावसात फुगलेली असताना चिकटवलीत. आणि तून जर आडव्या रेषांची चिरलेली असेल तर ती स्प्रूसपेक्षा जास्तच हलणार. चांगली गोष्ट एकच, की तुम्ही सरस वापरलाय. ऊब आणि ओलावा दिला की सांधा सुटतो. उघडा ती पाठ, वाळवा आणि हिवाळ्यात परत लावा. कटू आहे, माहीत आहे.

---

रंधा_व्हर्नियर, १७ जुलै, रात्री ११.०५

हे वाचून जेवलो नाही. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. पाठ बसवताना बावीस क्लॅम्प लावले होते, त्यातले सात शेजारून मागून आणलेले. आणि आता उघडा म्हणे.

पाठीच्या टोकाकडून रेषा बघितल्या. मधल्या सांध्याजवळ उभ्या आहेत, कडेकडे जवळजवळ आडव्या. म्हणजे जिथे जास्त हलायला नको नेमकं तिथेच जास्त हलणार.

---

तुंबा_आणि_तार, १८ जुलै, सकाळी ६.५०

उघडा काका. पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची आणि सांध्यात घालायची, टोकाच्या ठोकळ्यापासून सुरुवात. जोर लावायचा नाही, सुरीला वाट सापडंपर्यंत थांबायचं. रेषा कुठं पळतात ते बघत राहा, उलट गेलात तर कपचा निघंल. लाखेचा थर आधी कडेनं टोकदार पातीनं चिरून घ्या, न्हाईतर तो ओढून निघतो.

आणि तो थर आता तसाही जाणारच. खोबरेलवाली लाख ठेवून काय करताय.

---

रंधा_व्हर्नियर, ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

पाठ निघाली. पावणेतीन तास लागले. एका जागी, खालच्या उजव्या वळणावर, दोन सेंटीमीटरची कपची कडेलाच राहिली. ती जपून डबीत ठेवलीय, परत चिकटवेन.

वाळवायला सौ.चं जुनं लोखंडी कपाट मिळालं. वरच्या कप्प्यातल्या साड्या दुसरीकडे हलवण्याच्या वाटाघाटी हा स्वतंत्र विषय आहे. खाली ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब, वर वाद्याचे दोन्ही तुकडे, दाराला बोटभर फट. गणित सोपं आहे: २६ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३४ अंशांपर्यंत तापली की तीच हवा ५४ टक्क्यांवर येते, पाणी कुठेही न काढता. मीटर आत ठेवलाय, ५२ ते ५६ दाखवतो. (ताई, काळजी नको. कपाटात फक्त लाकूड आहे. स्पिरिट दुसऱ्या खोलीत, झाकण घट्ट.)

पाठीची रुंदी रोज सकाळी एकाच जागी व्हर्नियरने मोजतो. काढली त्या दिवशी २५४.३. आज २५२.६. पावणेदोन मिलीमीटर गेले, आणि हे फक्त ५४ टक्क्यांवर. एडमंटनला काय झालं असतं याचा हिशेब मी केला आणि कागद फाडून टाकला. कडेला दोन-दोन मिलीमीटरचा ओठ ठेवला होता म्हणून पाठ अजून पुरतेय, नाहीतर नवीन तून शोधावी लागली असती.

---

सरोवराकाठी, ११ ऑगस्ट, रात्री ८.१०

काका, व्हर्नियरला माझा नमस्कार सांगा. परत चिकटवताना ४०-४५ टक्क्यांची हवा मिळाली तर बघा. आणि भाचीला सांगा, हिवाळ्यात वाद्य पेटीबाहेर ठेवायचं नाही, पेटीत ओला स्पंज असलेली भोकाची डबी ठेवायची. साबणाची डबीही चालते.

---

रंधा_व्हर्नियर, २३ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

उशिरा लिहितोय. सगळ्यांना कळायला हवं म्हणून.

पाठ २ नोव्हेंबरला लावली. दुपारी मीटर ४१. क्लॅम्प तेच बावीस, शेजाऱ्याने या वेळी स्वतः आणून दिले आणि बघत उभा राहिला. जुनी लाख आधीच स्पिरिटने धुऊन, खरवडून काढली होती. लांबीत पिवडी आणि गेरू, मिरजेच्या सांगण्याप्रमाणे लाकडापेक्षा गडद. पहिल्या प्रयत्नात गेरू जास्त झाला, पाठ विटेसारखी दिसायला लागली. ती काढून पुन्हा.

एक गोष्ट इथे कुणी सांगितली नव्हती, ती माझी मी ठेच लागून शिकलो. तबलीला कडेने गडद आणि मध्ये मधासारखा रंग द्यायचा होता. सरळ कोऱ्या लाकडावर रंग लावून एका तुकड्यावर बघितलं तर स्प्रूसने जिथे मऊ तिथे ढसाढसा पिऊन टाकला, चट्टेच चट्टे. मग आधी अगदी पातळ लाखेचा एक हात दिला, १०० मिलीला पाच ग्रॅम एवढाच, तो वाळवला आणि त्यावर रंग. मग रंग सारखा बसला. तबली कोरण्यापेक्षा हा रंग कडेकडून मध्ये विरवत नेणं मला जास्त जड गेलं. चार दिवस तेच करत होतो. मधेच चहा प्यायला उठलं की परत आल्यावर रेषा दिसते, म्हणून चहा बंद.

नवीन स्पिरिट सीलबंद घेतलं, घरी येऊन आधी काट्यावर ठेवलं. ८०.६. लाख ताजी भिजवली, तळाशी मेण बसू दिलं आणि वरचं निवळ तेवढंच घेतलं. जवसाचं तेल, बोटाच्या टोकावर मावेल तेवढं. दुपारी बारा ते तीन. बारा दिवसांत चोवीस हात. वजन केलं होतं आधी: सगळं पॉलिश वाळल्यावर मिळून अकरा ग्रॅम वाढले. शटरवाल्यांनी विचारलं म्हणून नाही, पण विचारतील म्हणून सांगतो.

साय नाही. ठिपके पाठीवर दोन राहिलेत, डाव्या खांद्याजवळ, माहीत असलेल्यालाच दिसतात. ठसा उठत नाही. ती डबीतली कपची परत बसवली, तिची रेषा मात्र दिसते.

काल तारा चढवल्या. घोडी ३५२.४ वर ठेवून चालत नाही, तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून बाराव्या पडद्यावरचा सूर आणि तिथलाच स्वरांश (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) जुळेपर्यंत मागे सरकवत गेलो. जाड जोडी साडेतीन मिलीमीटर मागे गेली, बारीक जोडी दीड. मान सळईसकट सरळ आहे, रोज पट्टी लावून बघतो. आवाज कसा आहे ते मला नीट सांगता येत नाही. भाची काल रात्री अकरापर्यंत वाजवत बसली होती आणि खालच्या मजल्यावरच्यांनी फोन केला नाही, एवढंच.

ती १२ डिसेंबरला निघते. साबणाची डबी तयार आहे, भोकं ड्रिलने पाडलीत, ३ मिमीची, एका ओळीत पाच.

आणि ते जुनं ८४ ग्रॅमवालं अर्धा लिटर स्पिरिट अजून आहे. बल्बच्या कपाटाची काच पुसायला बरं पडतं. सौ. विचारतेय साड्या परत कधी ठेवायच्या.

---

राळ_रसायन, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.०२

काका, मिथेनॉल! हातमोजे घालून पुसा.

---

शटरवाला, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

अकरा ग्रॅम?? माझा एक कोट त्याहून जड असतो. फोटो टाका ना.